शर्यतीची मोटार आणि खर्चाचा हिशेब

मोटारींच्या शर्यती म्हणजे श्रीमंतांचा शौक, असा आपल्या बाजारपेठेत पक्का समज आहे. इंजिनीअरिंग कॉलेजची मुले स्वतः बांधलेल्या मोटारीसाठी मदत मागायला पेढीवर येतात, तेव्हा व्यापारी त्यांना चहा पाजून वाटेला लावतात. हे मला पटत नाही.

कोइमतूरचे एस. करिवर्धन हे कापड गिरण्यांच्या घराण्यातले. त्यांना पैशाची ददात नव्हती, हे कबूल. परंतु १९८० च्या दशकात त्यांनी जी एकआसनी शर्यतीची मोटार घडवली, ती इतरांना परवडावी म्हणून. विलायती इंजिन न मागवता त्यांनी मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले. मारुती १९८३ साली बाजारात आलेली. तिचे सुटे भाग सहज मिळत होते आणि मिस्त्रींचा तिच्यावर हात बसला होता. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याने सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीतून केली. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात वारले, तो दिवस मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही.

भिवंडी-मालेगावच्या माणसाला यात नवल वाटू नये. साधा यंत्रमाग आपल्याकडे इतकी वर्षे टिकला, कारण धोट्यापासून कांडीपर्यंत सारे सामान शेजारच्या गल्लीत मिळते. मोडलेला भाग संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर स्वस्तात घेतलेले यंत्रही महाग पडते.

करिवर्धन यांच्याच नावाच्या कोइमतूरच्या धावपट्टीवर आता फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. तिथे आपली बरीच मुले केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन वापरतात. ही मोटरसायकल आपल्या चाकणलाच बनते, म्हणजे हिशेब करिवर्धन यांचाच. व्यापाऱ्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. अशा स्पर्धांत एकूण १००० गुण असतात. त्यांतले १०० गुण खर्चाच्या तपशिलाला आणि ७५ धंद्याच्या आराखड्याला असतात. कोणता नट-बोल्ट कितीला पडला आणि कापणी-जोडणीला किती लागले, हे कागदावर दाखवावे लागते. आपल्या किती दुकानांत मालाची लागत इतक्या बारकाईने मांडतात?

काटकसर कुठे करायची नाही, हेही नियमांत आले आहे. चालकाच्या डोक्यामागची पोलादी कमान २५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची लागते. ब्रेक दाबला की चारही चाके जाम झाली पाहिजेत. चालकाला पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. बाहेरचे कवच, रंग, आसनाची गादी यांत हवी तेवढी बचत करा. कमानीचा पाइप भंगारातून आणला, तर तो मुलाच्या जिवाशी सौदा ठरतो.

घरच्या गाडीचे सायलेन्सर कापून रात्री हायवेवर शर्यत लावणाऱ्या पोरांशी मी या मुलांची गल्लत करणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे परस्पर बदल करता येत नाहीत आणि बापाने त्यासाठी एक पैसाही देऊ नये. या मुलांची मोटार मात्र रस्त्यावर येतच नाही.

तेव्हा मुले आली की आधी खर्चाचा तक्ता मागावा. तो नसेल तर आठ दिवसांनी बोलवावे. असेल, तर कमान, पट्टे आणि ब्रेक यांच्या रकमेवर घासाघीस करू नये, बाकीवर खुशाल करावी. रोकड सोडवत नसेल तर वेल्डिंगची मजुरी भरावी. तेही नको असेल, तर मोटार कोइमतूरला पोहोचवायला ट्रकमध्ये जागा द्यावी. आपला माल दक्षिणेत जातोच.