घरात आहे, पण घरी नाही

आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा असा समज आहे की, मला नोकरी नाही. समज होण्यासारखेच आहे. डोंबिवलीतला माझ्या वयाचा माणूस सकाळी आठ वाजता डबा घेऊन स्टेशनकडे धावताना दिसला पाहिजे. मी त्या वेळी दूध आणायला खाली उतरलेला असतो. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. दुपारी बाराला कुणी दार वाजवले तर मी झोपेतून उठून दार उघडतो. त्यामुळे कुणाचे कुरिअर घेऊन ठेवणे, कुणाच्या गॅस सिलिंडरचे पैसे देणे, प्लंबर आला की समोरच्या ब्लॉकची किल्ली काढून देणे ही कामे आपसूक माझ्याकडे आली आहेत. ‘‘तुम्ही काय, घरीच असता!’’ असे म्हणून माणसे निर्धास्त होतात. त्यात कुचेष्टा नसते. म्हणूनच त्यांना उत्तर देणे कठीण जाते.

वास्तविक मी रात्री दहा ते सकाळी सात कामावर असतो. माझे कामाचे ठिकाण म्हणजे आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यातले टेबल, एवढाच काय तो फरक. अमेरिकेतल्या एका दुकानांच्या साखळीचे जाळे चालू आहे की नाही, हे मी पाहतो. तिथली सुमारे तीनशे दुकाने, त्यांचे राउटर, स्विच आणि त्यांना जोडणाऱ्या लाइनी माझ्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. ठिपका लाल झाला की काम सुरू. दुकानातली वीज गेली आहे का? लाइन पुरवणाऱ्या कंपनीकडे बिघाड आहे का? रस्ता खोदणाऱ्याने केबल तोडली का? एकेक शक्यता बाद करत जायचे, तक्रार नोंदवायची, ठरलेल्या मिनिटांत दुरुस्त झाले नाही तर वरच्याला उठवायचे. तिथे भर दुपार असते आणि गल्ल्यावर गिऱ्हाईक खोळंबलेले असते. जाळे ९९.९९ टक्के वेळ चालू राहील, असा करार असतो. ऐकायला सोपे वाटते. हिशेब केला तर वर्षभरात सारे मिळून बंद राहायला जेमतेम ५२ मिनिटे मिळतात.

या कामात एक भीती कायमची असते. ज्या तारेवरून आपण हजारो मैलांवरच्या यंत्राशी बोलतो, तीच तार आपल्या चुकीच्या आज्ञेने तुटू शकते. म्हणून जुनी माणसे एक युक्ती शिकवतात. धोक्याचा बदल करण्याआधी राउटरला सांगून ठेवायचे, ‘दहा मिनिटांनी आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू हो.’ बदल नीट झाला तर हा हुकूम मागे घ्यायचा. आपणच बाहेर अडकलो, तर दहा मिनिटांनी राउटर पुन्हा सुरू होताना जुन्याच मांडणीवर येतो आणि दार उघडते.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र वाचकांना आठवत असेल. नऊच्या सुमारास घरोघरचे व्हॉट्सअॅप एकाएकी मुके झाले आणि जो तो मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करत बसला. फेसबुक कंपनीच्या नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने तिच्या स्वतःच्याच मुख्य वाहिन्या तोडल्या होत्या. दुरून दुरुस्ती करायची साधनेही त्याच जाळ्यावर, तीही गेली. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले आणि सारे पूर्ववत व्हायला सहा तास लागले. दुरून काम कितीही होवो, शेवटी जागेवर कुणीतरी असावे लागते. आम्ही त्या रात्री यावर पुष्कळ चर्चा केली. हाच धडा माझ्या घरात वेगळ्या तऱ्हेने गिरवावा लागेल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

घरून काम सुरू झाले ते मार्च २०२० च्या टाळेबंदीत. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने अशा सेवांवरचे नियम सैल केले आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला. डोंबिवलीहून ठाणे, तिथून गाडी बदलून नवी मुंबई, असे जाऊन येऊन रोजचे तीन तास वाचले. वर्षानुवर्षांनी मी मुलीबरोबर रात्रीचे जेवू लागलो. म्हातारी आई घरात, तिच्याजवळ मी आहे, याचा बायकोलाही आधार वाटला.

गेल्या वर्षी मे महिन्यात बायको आणि मुलगी लग्नासाठी चिपळूणला गेल्या होत्या. पहाटे तीनच्या सुमारास एक मुख्य लाइन पडली आणि चाळीस दुकाने एकदम लाल झाली. कानांवर हेडफोन, पलीकडे पाच-सहा माणसे एकाच वेळी बोलताहेत, मी एकेक ठिपका परत हिरवा होताना पाहतो आहे. लाइन आली, सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले, मी पाणी प्यायला उठलो. आई बाथरूमच्या दारात पडली होती. मनगट मोडले होते. ती वीस मिनिटे मला हाका मारत होती. तिच्या आणि माझ्यामध्ये एक भिंत होती, सहा इंचांची.

हॉस्पिटलात प्लॅस्टर घालून झाल्यावर मी तिची क्षमा मागू लागलो, तर तिने मलाच समजावले. म्हणाली, ‘‘अरे, तुझे वडील पाळीला गेले की ते घरात नाहीत हे मला ठाऊक असायचं. काही झालं तर मी शेजारी हाक मारायची. तू घरात आहेस असं वाटलं, म्हणून तुलाच मारत राहिले.’’

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. तिसरी पाळी मध्यरात्री सुरू होई आणि सकाळी सातला सुटे. त्यांची रातपाळी असली की ती केवळ आमच्या खोलीची बाब नसे, सगळ्या मजल्याला तिची खबर असे. दुपारी गॅलरीत गोट्या खेळणाऱ्या पोरांना कुणीतरी म्हातारी हुसकावून लावी, ‘‘आत रातपाळीवाला झोपलाय, दिसत नाही?’’ मसाला कुटायचा असला तर बायका संध्याकाळपर्यंत थांबत. जागणाऱ्या माणसाची झोप ही साऱ्या चाळीची जबाबदारी होती. तो काळ सुखाचा होता, असे मला म्हणायचे नाही. कापसाचा धूर छातीत भरून वडील खोकत, आणि त्यांची पाळी बदलली की आईची चूलही बदले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या पुष्कळांसारखे माझे वडीलही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पण भोंगा वाजला की माणूस कामावर गेला आणि पुन्हा वाजला की सुटला, ही गोष्ट साऱ्या वस्तीला ऐकू येत होती. आमच्या कामाला भोंगा नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे. घरून काम करणे वाईट नाही. पण ते काम आहे, हे घराला, शेजाराला आणि कंपनीलाही दिसले पाहिजे. जागता पहारा कुणाला तरी द्यावाच लागणार. दवाखाने, बँका, रेल्वे, विजेचे जाळे, सगळ्यांमागे या वेळी कुणीतरी जागे आहे आणि त्यातली बरीचशी माणसे आता आपापल्या घरात जागी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीची नोंद कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत केली आहे. टेबल घरात आणले म्हणून शरीराला रात्र कळेनाशी होत नाही. उलट दिवसाची झोप कुरिअरवाल्याच्या बेलवर अवलंबून राहते.

कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क असावा, असे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून असा कायदा आहे. तो आपल्याकडेही यावा, असे मला वाटते. पण आमची अडचण त्याने अर्धीच सुटेल. कामाच्या वेळेतही आम्ही माणसे असतो, खुर्चीतून दहा मिनिटे उठण्याची सोय लागते. कचेरीत शेजारचा सहकारी ‘जा, मी पाहतो’ म्हणायचा. घरी तो नाही. म्हणून पाळीला एकाच जाळ्यावर किमान दोघे असावेत. वीज, इन्व्हर्टर, दुसरी इंटरनेट लाइन यांचा खर्चही घराने सोसू नये. कंपनीची जागा आणि भाडे वाचते, ते कुठून वाचते हे तिने ओळखावे.

आमच्यापुरते आम्ही काही केले आहे. आईच्या उशाशी बिनतारी बेलचे बटण आहे आणि तिचा दिवा माझ्या टेबलावर लागतो. हेडफोन असला तरी दिवा दिसतो. कंपनीकडून मी एक गोष्ट भांडून मिळवली, ‘उठतो आहे’ असे लिहिले की दुसऱ्या गावी बसलेला सहकारी माझे ठिपके पाहतो. मुलीने दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली आहे. रात्री दहाला ती ‘बाबा कामावर गेले’ अशी फिरवते आणि सकाळी सातला ‘बाबा झोपले’ अशी.

परवा दुपारी समोरच्या ब्लॉकमध्ये सुतारकाम चालू होते. मी कूस बदलत पडलो होतो. इतक्यात आवाज थांबला. बाहेर आईचा स्वर ऐकू आला. प्लॅस्टर निघाले असले तरी तिचा तो हात अजून पुरता वळत नाही. दुसऱ्या हाताने कठडा धरून ती जिन्यात उभी होती आणि सुताराला सांगत होती, ‘‘बाबा, चारनंतर ठोक. आत रातपाळीवाला झोपलाय.’’