अपघाताचा कर्ता कोण?

'अपघात झाला' या वाक्याचा कर्ता कोण, असे विचारले तर वर्गातली मुले बिनचूक सांगतात: 'अपघात'! व्याकरण इथे तृप्त होते. न्याय मात्र होत नाही. मग रिकामी जागा आपण भरतो. मोटारसायकलवरचा पोरगा पडला ना? मग भरधावच गेला असणार! सुपारी कातरून होण्याआधी निकाल लागलेला असतो.

पुरावा काही निराळेच सांगतो. अमेरिकेतील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिसच्या परिसरातले नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यांचा अहवाल १९८१ साली निघाला. सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले. आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांत दुचाकीचा वाटेवरील हक्क त्या दुसऱ्या चालकाने डावललेला. मोटार चौकात वळते, समोरून दुचाकी येते, आणि मोटारवाला म्हणतो, "मला दिसलीच नाही हो!" तो खोटे बोलतो असे नाही. त्याची नजर मोटार-ट्रक शोधत असते. लहान वस्तू दिसली तरी ती अजून लांब आहे असे वाटते.

म्हणून स्वार निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. एकट्या दुचाकीच्या अपघातांत दोन-तृतीयांश वेळा चूक स्वाराचीच निघाली: वळणावरचा अतिवेग, किंवा करकचून दाबलेला ब्रेक. शिवाय शंभरांतले ब्याण्णव स्वार आपले आपण किंवा आप्तमित्रांकडून शिकलेले. आपल्या आळीत याहून निराळे चित्र आहे काय?

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शेकडा ४४.५ दुचाकीवरची. इतक्या घरांत दोष कोणाचा, हा प्रश्न नुसता गप्पांचा नसतो. भरपाई त्यावर ठरते. एका दुचाकीवर तिघे होते, मागून मोटारीने धडक दिली. तिघे बसले म्हणून भरपाई कापली गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली: नियम मोडला हे खरे, पण त्यामुळे धडक बसली याचा पुरावा कुठे आहे?

हेल्मेटचेही तसेच. ते नसल्याने डोके फुटते. टक्कर होत नाही. ते घालावेच, पण न घालणाऱ्याला टक्करीचा कर्ता करू नये.

तेव्हा मंडळी, दिवाळीत मोटार काढाल, तेव्हा वळण्याआधी एकदा पाहा. आणि दुचाकीसाठी म्हणून पुन्हा एकदा पाहा.