दंडातले यंत्र आणि शिरूर-दौंडचा रुग्ण

शरीरातील रासायनिक बदल त्वचेखाली बसवलेल्या उपकरणाने सतत मोजत राहावेत ही कल्पना प्रयोगशाळेतून रुग्णाच्या दंडापर्यंत पोहोचायला जवळजवळ साठ वर्षे लागली. 1962 साली लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला जोडून रक्तातील साखर मोजण्याची रीत मांडली. 1999 साली साखर सलग नोंदवणाऱ्या पहिल्या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि 2018 साली एव्हरसेन्स हा संपूर्णपणे त्वचेखाली राहणारा, 90 दिवस काम करणारा संवेदक तेथे मान्य झाला, ज्याची वर्षभर टिकणारी आवृत्ती 2024 साली आली. लॅक्टेट, पोटॅशियम, कीटोन यांसाठीही असे संवेदक घडवण्याचे काम चालू आहे, तरी आज वैद्यकाच्या हाती खात्रीने देता येईल असा जैवसंवेदक साखरेचाच आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मधुमेहाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी या यंत्राकडे पाहताना त्याच्या किमतीइतकीच दुसरी एक गोष्ट विचारायला हवी, ती म्हणजे हे यंत्र कोणाच्या शरीरावर पारखले गेले. प्रिसाइज, प्रिसाइज-2 आणि प्रॉमिस या एव्हरसेन्सच्या प्रमुख चाचण्या युरोपात आणि अमेरिकेत झाल्या.

हा प्रश्न शिरूरमध्ये विचारण्याला विशेष कारण आहे, कारण ग्रामीण भारतीय शरीराच्या चयापचयाचा जगातील एक फार मोलाचा अभ्यास याच मातीत झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पाबळच्या आसपासच्या गावांत गरोदर मातांचा आहार आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, पण पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव जितके लहान होते, तितकी त्यांची त्वचेखालची चरबी कमी नव्हती. वरून कृश आणि आतून चरबीयुक्त, अशा या देहाला पुढे ‘थिन-फॅट’ हे नाव मिळाले. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतील सुमारे 37 टक्के मुलग्यांची आणि 18 टक्के मुलींची उपाशीपोटीची साखर मधुमेहपूर्व पातळीवर गेलेली आढळली, आणि यांतील बहुतेकांना पाहून कोणीही लठ्ठ म्हटले नसते.

अशा रुग्णाची साखर मोजण्यासाठी सध्या ज्या तपासणीवर सर्वाधिक भिस्त आहे, ती एचबीए1सी, म्हणजे लाल पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, पण लाल पेशी आपले नेहमीचे आयुष्य जगत आहेत असे ती गृहीत धरते. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा वर जातो आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की साखर न बदलताही खाली येतो. ब-12 जीवनसत्त्वाची उणीवही त्याला वर ढकलू शकते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि याज्ञिकांच्या अभ्यासातील मातांमध्येही ब-12ची उणीव मोठ्या प्रमाणावर होती. म्हणून या भागात सलग मोजणी करणाऱ्या संवेदकाचे मोल शहरातील सुस्थितीतल्या रुग्णापेक्षा जास्त आहे, कारण तो लाल पेशींवर विसंबून राहत नाही.

तो कशावर विसंबतो, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते. भारतात 2015 सालापासून मिळणारा चौदा दिवसांचा संवेदक दंडाच्या मागच्या बाजूला चिकटतो आणि केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली सोडतो, ज्याच्या टोकावरील विकर साखरेशी अभिक्रिया करून विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण करते. एव्हरसेन्सची रचना निराळी आहे: साधारण 18 मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड अशी ही बंद कुपी छोटा छेद घेऊन दंडात सरकवली जाते, तिच्यावरील बहुवारिकाला साखर चिकटली की ते प्रकाशमान होते, आणि त्वचेवर वरून चिकटवलेला प्रेषक तिला वीज पुरवून तो प्रकाश वाचतो. दोन्ही प्रकार रक्ताला स्पर्श करत नाहीत. पेशींच्या मधल्या द्रवातील साखर ते मोजतात, जी रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असते. साखर झपाट्याने उतरत असेल तेव्हा, म्हणजे इन्सुलिन घेऊन उपाशी पोटी शेतात उतरलेल्या माणसाच्या बाबतीत, हीच काही मिनिटे निर्णायक ठरतात आणि बोटाच्या थेंबाची तपासणी त्या वेळी टाळता येत नाही.

शरीरही या पाहुण्याला स्वस्थ बसू देत नाही. आत शिरलेल्या वस्तूवर काही मिनिटांतच प्रथिनांचा थर बसतो, मग भक्षक पेशी गोळा होतात आणि काही आठवड्यांत तिच्याभोवती तंतुमय कोष तयार होतो, ज्यातून साखर आत झिरपणे मंदावते. एव्हरसेन्सच्या कुपीला डेक्सामेथासोन झिरपवणारे कडे जोडलेले आहे ते हा दाह रोखण्यासाठीच. शिवाय प्रत्येक रचनेला औषधांचे आपापले वावडे आहे. विकरावर चालणाऱ्या काही संवेदकांत पॅरासिटामॉल इलेक्ट्रोडवर स्वतःच अभिक्रिया करून साखर खोटी वाढवून दाखवते, काहींत क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा तेच करते, तर एव्हरसेन्समध्ये टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके साखर खोटी कमी दाखवू शकतात. ज्या भागात तापाची गोळी आशाताईंच्या पिशवीतून आणि किराणा दुकानातूनही मिळते, तेथे संवेदक लावताना ‘कोणकोणती औषधे घेता’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. तो प्रत्येक भेटीत, आणि रुग्णाबरोबर आलेल्या माणसालाही, विचारावा लागतो.

या सर्व मर्यादा मान्य करूनही संवेदकाचा एक उपयोग असा आहे की तो कोणत्याही सल्ल्यापेक्षा प्रभावी ठरतो. केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळांचा धूर ओळखीचा आहे, आणि गूळ नैसर्गिक असल्याने तो मधुमेहाला बाधत नाही ही समजूतही तितकीच घट्ट आहे. गुळातील बहुतांश भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असते. पण हे वाक्य डॉक्टरांनी कितीही वेळा सांगितले तरी जे पटत नाही, ते सकाळच्या गुळाच्या चहानंतर वर गेलेली रेघ मोबाइलवर पाहिली की पटते. त्याच रेघेवर बाजरीची भाकरी किती भाजीबरोबर खाल्ली तर काय होते आणि रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्याची साखर दिवसा झोपेत कशी वागते, हेही दिसते. यासाठी वर्षभराची कुपी लागत नाही, चौदा दिवस पुरतात. आणि मधुमेह नवा असलेल्या प्रत्येक रुग्णाला निदान एकदा तरी ते चौदा दिवस मिळावेत, असा आग्रह धरणे योग्य वाटते.

पूर्ण रोपित संवेदकाच्या बाबतीत मात्र घाई नको. गाळप हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या भीमा आणि घोड नदीकाठच्या फडांवर उतरतात, दिवसभर उन्हात कोयता चालवतात, उसाच्या मोळ्या वाहतात आणि हंगाम संपला की गावी परततात. अशा कामगाराच्या दंडात नोव्हेंबरमध्ये बसवलेली कुपी मुदत संपल्यावर कोणी काढायची? घामाने चिकटपट्टी सुटणे, मोळीच्या किंवा झोपेतील दाबाने साखर खोटी कमी दिसणे, हे त्रास दिवसाच्या दिवशी कळतात. पण मुदत संपलेली आणि विसरली गेलेली कुपी सहजी कळत नाही. निर्जंतुक छेद घेणे, कुपी हाताला लागली नाही तर ती सोनोग्राफीने शोधणे, या गोष्टी कुठे होतील हे ठरल्याशिवाय ती बसवण्याची संमती घेणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

हे काम जमण्यासारखी एक संस्था शिरूर तालुक्यातच आहे. वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने केईएमचे ग्रामीण आरोग्याचे काम 1970च्या दशकात उभे राहिले, तेथे 2002 सालापासून आसपासच्या गावांतील घरोघरची जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद ठेवली जाते, आणि रोटाव्हॅक लशीच्या चाचणीचे एक केंद्रही तेथेच होते. रक्तक्षय असलेल्या, कृश आणि उन्हात राबणाऱ्या शरीरात संवेदकाचा आकडा प्रयोगशाळेतील रक्ताच्या आकड्याशी किती जुळतो, ही पारख अशा ठिकाणी झाली तर तिचा उपयोग शिरूर-दौंडपुरता राहणार नाही. 2017च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी आणि 1 एप्रिल 2020 पासून सर्व उपकरणे औषधांच्या व्याख्येत आल्याने अशा उपकरणांच्या नियमनाला कायद्याचा आधार मिळालेला आहे. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रमही 2015 सालापासून चालू आहे, पण त्यात नोंद करायची असते हे तालुक्यातील किती डॉक्टरांना ठाऊक आहे, याचा शोध प्रत्येक तालुका वैद्यकीय संघटनेने आपल्या पुढच्या बैठकीत घ्यावा. आणि जोवर याहून चांगली व्यवस्था होत नाही, तोवर कुपी बसवणाऱ्याने निदान एक जाड कागदाचे कार्ड मराठीत भरून द्यावे, ज्यावर कोणता दंड, कोणती तारीख, काढण्याची शेवटची तारीख आणि टाळायची औषधे ठळक अक्षरांत असतील, आणि त्याची दुसरी प्रत रुग्णाच्या मूळ गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे त्याच दिवशी टपालाने जाईल.