संध्याकाळच्या बोटीआधीचा दिवस

मराठी विभागाच्या शैक्षणिक सहलीचे वेळापत्रक हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नसावी. त्याची भाषा ठरलेली, क्रम ठरलेला आणि शेवटही ठरलेला. खानदेशातल्या, म्हणजे जळगाव-धुळ्याकडच्या, महाविद्यालयांची सहल गोव्याला निघाली की शेवटच्या दिवसापुढे साधारण असा मजकूर येतो : ‘सकाळी पणजी स्थलदर्शन – चर्च, जुने सचिवालय, आबे फारिया यांचा पुतळा, फोंताइन्हास, मिरामार, दोना पावला, खरेदी. सायं. सहा वाजता सांता मोनिका जेट्टी, मांडवी नदीत जलविहार. रात्री परतीचा प्रवास.’ या मजकुरातल्या स्वल्पविरामांविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे.

प्रश्न किरकोळ वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. आमच्या वर्गातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या, विशेषतः विद्यार्थिनींच्या, वाट्याला आईवडिलांवाचून केलेला हा पहिला प्रवास असतो, आणि काहींच्या बाबतीत तो लग्नाआधीचा शेवटचाही असतो. सहलीची वर्गणी घरातून सहज निघत नाही. कापसाचे पैसे हाती आले का, धाकट्या भावाची फी भरून झाली का, हे पाहून ती हप्त्याहप्त्याने येते. ‘सोबत मॅडम आहेत ना?’ हा प्रश्न पालक तीनतीनदा विचारतात. इतके करून मिळवलेल्या चार दिवसांतला शेवटचा दिवस कसा घालवायचा हे ठरवणारे आम्ही असतो. तेव्हा हा निर्णय अभ्यासक्रमातल्या एखाद्या घटकाइतकाच गांभीर्याने घ्यायला हवा.

प्रथम जलविहाराविषयी. आमच्या व्यवसायबंधूंमध्ये त्याला नावे ठेवण्याची एक रीत आहे. तासाभराची फेरी, कानठळ्या बसवणारा डीजे, मधूनच देखणी आणि फुगडीचे नाच, सूत्रसंचालकाचे शिळे विनोद, आणि नदीकडे पाठ करून नाचणारी गर्दी. वर्णन चुकीचे नाही. पण ‘मराठीच्या विद्यार्थ्यांनी असल्या बोटीत बसू नये’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. ज्या मुलीला गावातल्या लग्नाच्या वरातीतही मनासारखे नाचता येत नाही, ती अनोळखी माणसांमध्ये, मैत्रिणींचे हात धरून, उघड्या आभाळाखाली तासभर नाचते; या गोष्टीचे मोल ठरवण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेऊ नये. बोट राहू द्यावी. आमचे भांडण बोटीशी नाही, तिच्याआधीच्या बारा तासांशी आहे.

हे बारा तास यादीत जातात. चर्चच्या नागमोडी पायऱ्यांवर सामूहिक छायाचित्र, पुतळ्यापाशी दुसरे, दोना पावलाला तिसरे. आबे फारियाचा तो विलक्षण पुतळा पाहताना, हात पसरलेल्या त्या धर्मगुरूसमोर कोसळणारी स्त्री कोण, हे विचारायलाही कुणाला सवड नसते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा गोमंतकीय पॅरिसला जाऊन संमोहनविद्येच्या इतिहासात शिरला आणि पुढे अलेक्झांडर द्यूमाच्या ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत पात्र होऊन बसला. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याच्यापुढे अर्धा तास उभे राहावे असा हा ऐवज आहे. यादी त्याला चार मिनिटे देते.

यावर काही विद्वान सहकारी दुसरी यादी सुचवतात, वाङ्मयीन स्थळांची. राशोल, कारण फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ तिथे १६१६ साली छापले गेले. बोरी, कारण बा. भ. बोरकरांचे गाव. सत्तरीतले आंबेडे, कारण महादेवशास्त्री जोशींचे जन्मस्थान. आणि अर्थात जुने गोवे, कारण भारतातला पहिला छापखाना १५५६ साली तिथल्या सेंट पॉल महाविद्यालयात आला. आम्हांला ही यादी मोहात पाडते. पण तीही यादीच आहे. राशोल साष्टीत, आंबेडे सह्याद्रीच्या पायथ्याशी. एका दिवसात हे सगळे करायचे तर विद्यार्थी बसच्या खिडकीतून मराठी वाङ्मयाचा इतिहास पाहतील आणि त्याच खिडकीला डोके टेकून झोपतील. रसिकतेचे सोंग वठवणारी घाई ही साध्या घाईहून वाईट.

मग करावे काय? आमचे म्हणणे असे की शेवटच्या दिवशी ठिकाणे दोन घ्यावीत, फार तर तीन, आणि ती संध्याकाळच्या त्या जेट्टीपासून चालत जाता येईल अशी असावीत.

त्यातले पहिले ठिकाण कुठल्याही सहलीच्या पत्रकात आम्ही पाहिलेले नाही. कदंब बसस्थानकाजवळच्या पाटो भागात, जिथून सांता मोनिकाची जेट्टी हाकेच्या अंतरावर आहे, गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिला नाव दिले आहे कृष्णदास शामा याचे. हा केळशीचा कवी. १५२६ साली त्याने कृष्णचरित्राची कथा मराठी ओवीत रचायला घेतली. त्याच्या रचनेची रोमन लिपीतली हस्तलिखित प्रत कुठे सापडते, तर पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात. एकीकडे देवळे पडत होती, ग्रंथ नष्ट होत होते आणि दुसरीकडे ख्रिस्ती मिशनरी त्याच ग्रंथांच्या नकला रोमन लिपीत उतरवून घेत होते; शत्रूची भाषा शिकायची तर त्याची पुराणेच वाचावी लागतात म्हणून. स्टीफन्सने पुढे त्याच ओवीत अकरा हजारांच्या घरात ओव्या रचून येशूची कथा सांगितली आणि मराठीची जी स्तुती केली, ती आपण प्रत्येक मराठी भाषा दिनाला फलकावर लिहितो. फलकावर लिहिणारा विद्यार्थी आणि त्या ओळींची मूळ छपाई रोमन लिपीतली होती हे ठाऊक असलेला विद्यार्थी, यांत फरक आहे. तो फरक पाडायला शेवटच्या दिवसाचा एक तास पुरे.

धुळ्याच्या विद्यार्थ्यांना तर हा धागा घरचा वाटायला हवा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली, साधनांचे बावीस खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. कागद कुठून कुठे जातो, कोण वाचवतो आणि कशासाठी वाचवतो, हा प्रश्न पांझरेच्या काठावर जितका खरा तितकाच मांडवीच्या.

दुसरे ठिकाण : इन्स्टिट्यूट मेनेझिस ब्रागांझा. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या रंगातल्या पोर्तुगीज चित्रफरश्या आहेत आणि त्यांत कामोंइशच्या ‘लुझियाद’ या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या या काव्याचा कवी काही वर्षे गोव्यातच राहिला होता. वास्को द गामाच्या सफरीला महाकाव्याचे वैभव देणारी ही भिंत पाहून ‘जिंकणाऱ्याचे महाकाव्य जिंकलेल्यांच्या गावातल्या भिंतीवर कसे वाचायचे?’ असा प्रश्न आपण वर्गात टाकू शकतो. वसाहतवादी साहित्यविचारावर आम्ही फळ्यावर काढलेल्या आकृत्यांपेक्षा ही भिंत अधिक शिकवते, असे आमच्यापैकी एकाचे मत. दुसऱ्याचे मत असे की विद्यार्थी तिथेही छायाचित्रच काढतील. काढोत.

आणि तिसरी गोष्ट ठिकाण नव्हे. जलविहाराच्या आधी, दुपारच्या उन्हात, पणजीहून बेतीला जाणारी फेरीबोट घ्यावी. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. काही मिनिटांचे अंतर. सोबत कामावरून परतणाऱ्या बाया, मासळीच्या टोपल्या, दुचाक्या. पाण्यातून मागे वळून पाहिले की आदिलशहाचा राजवाडा, पुढे बिनधास्त नांगरलेली कॅसिनोंची जहाजे आणि वरून जाणारे पूल एकाच नजरेत येतात. ५ जुलै १९८६ रोजी इथला नेहरू पूल कोसळला, तेव्हा नदीच्या दोन काठांना जोडून ठेवले ते असल्याच बोटींनी. नदी ही गोष्ट इथे पाहण्याची नाही, ओलांडण्याची आहे, हे फेरीबोटीत चढल्याशिवाय कळत नाही. आणि ते एकदा कळले की संध्याकाळच्या रोषणाईतली बोटही वेगळी दिसते.

आमच्या मुलांना हे कळण्याचे एक खास कारण आहे. तापी ७२४ किलोमीटर वाहते, भुसावळवरून, प्रकाशावरून, थेट सुरतेपर्यंत. आमच्याकडची किती तरी घरे पोटासाठी त्याच सुरतेला गेली. पण गेली रेल्वेने, नदीने नव्हे. आमच्या नद्या धरणापाशी थांबतात आणि उन्हाळ्यात वाळूचे पात्र उरते. एका वर्षी बेतीच्या धक्क्यावर एक मुलगा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, नदी उलटी वाही ऱ्हायनी.’ भरतीचे पाणी आत शिरत होते. मांडवी समुद्राच्या ओढीने दिवसातून दोनदा दिशा बदलते हे भूगोलाच्या पुस्तकात असते. त्याच्या तोंडून ते अहिराणीत आले. मग बोलणे वाढले. वर हीच नदी म्हादई, कर्नाटकात उगम पावते. तिचे पाणी वळवण्यावरून दोन राज्ये भांडत आली आणि लवादाने २०१८ साली निवाडा देऊनही भांडण मिटले नाही, हेही निघाले. गिरणेच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या घरातल्या मुलाला पाणीतंटा समजावून सांगावा लागत नाही.

सहलीनंतर येतो अहवाल. अंतर्गत गुणांसाठी लिहिलेले हे अहवाल एकमेकांची नक्कल असतात, ही तक्रार सर्वच अध्यापक करतात. वास्तविक नक्कल अहवालात नसते, वेळापत्रकातच असते. सात ठिकाणे चार-चार मिनिटे दाखवल्यावर सात परिच्छेद सारखेच येणार. प्रवासवर्णन शिकवताना आम्ही गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ घेतो. बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून वरसईहून निघालेला हा गरीब भिक्षुक १८५७च्या वणव्यात सापडला. यज्ञाचे वर्णन करायला निघालेल्याने झाशीचे वर्णन केले, म्हणून ते पुस्तक आजही वाचले जाते. ठरवलेले बाजूला पडून समोर आलेले लिहावे लागणे, एवढी फट तरी आपल्या वेळापत्रकात हवी.

‘मग असोद्याला का नेत नाही?’ असा एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बहिणाबाईंचे माहेर जळगावपासून हाकेवर, बालकवींचा १९१८ साली जिथे अंत झाला ते भादली स्थानक भुसावळच्या वाटेवर, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ. न्यावेच. पण त्यासाठी वर्गणी लागत नाही, पालकांची परवानगी तीनदा मागावी लागत नाही. ते एका रविवारचे काम आहे. गोव्याच्या सहलीला पर्याय म्हणून असोदा पुढे करणे हे मुलींना घरी ठेवण्याचे सभ्य निमित्त ठरू नये, एवढीच काळजी घ्यावी.

आगामी सहलीच्या पत्रकाचा मसुदा आम्ही विभागात मांडला आहे. शेवटच्या दिवसापुढे चारच नोंदी : ग्रंथालय, चित्रफरश्यांची भिंत, बेतीची फेरी, जेट्टी. खरेदी वगळल्याबद्दल विद्यार्थी प्रतिनिधींनी लेखी हरकत घेतली आहे. काजू घरी न्यावेच लागतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, त्यामुळे ग्रंथालय आणि जेट्टी यांच्यामध्ये एक तास त्यासाठी ठेवावा लागेल.