बोलायचं एक, विकायचं भलतंच

मैत्रिणींनो, टीव्हीवर जाहिराती लागल्या की आपण उठून कुकर लावतो. घरातली तरुण मुलं मात्र हल्ली जाहिरातींवरूनच वाद घालतात. परवा बचत गटाच्या बैठकीत असाच विषय निघाला. एकीच्या मुलीने दागिने घ्यायच्या वेळी आईला जुन्या जाहिरातीची आठवण करून दिली म्हणे.

ती जाहिरात तनिष्कची, ऑक्टोबर २०२० मधली. मुस्लिम घरात आलेली हिंदू सून आणि तिच्या माहेरच्या रीतीने तिचं डोहाळजेवण करणारी सासू. त्यावर बहिष्काराची हाक उठली. भावना दुखावल्याबद्दल खेद व्यक्त करत आणि कर्मचारी, दुकानातली माणसं यांच्या काळजीपोटी कंपनीने जाहिरात मागे घेतली. गुजरातेत गांधीधामच्या दुकानावर तर माफीची चिठ्ठी लागली. मुलगी म्हणते, "पटत होतं तर मागे का घेतली?" आई म्हणते, "अगं, काउंटरवर उभ्या असलेल्या पोराने कुणाकुणाच्या शिव्या खायच्या?" मला दोघींचंही पटलं.

त्याआधी २०१९ च्या होळीला सर्फ एक्सेलवरही असंच वादळ आलं होतं. छोटी मुलगी सगळ्यांचे रंग स्वतःच्या अंगावर झेलते, मग मुस्लिम मित्राला पांढऱ्या कपड्यात मशिदीपर्यंत सोडते. राग इतका की काहींनी चुकून मायक्रोसॉफ्ट एक्सेललाच शिव्या घातल्या! पण कंपनीने जाहिरात मागे घेतली नाही.

तिसरी गोष्ट ऑक्टोबर २०२१ ची. डाबरच्या फेमने दोन मुली एकमेकींसाठी करवा चौथ करताना दाखवल्या. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला, जाहिरात गेली. पण नव्या विचारांच्या लोकांनीही नाकं मुरडली होती. कारण विकायचं होतं चेहरा उजळ करणारं ब्लीच! प्रेमाला मोकळीक आणि सावळ्या रंगाला मात्र नाही, हे कसं?

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. तरुण पिढीला कंपनीने मत मांडलेलं चालतं, पण ते मालाशी आणि वागण्याशी जुळतंय का, हे ती बघते. २००८ च्या सुमारास टाटा टीच्या 'जागो रे'ने तरुणांना मतदार नोंदणी करायला सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाहीत, जनाग्रह संस्थेच्या साथीने नोंदणीची सोयही केली. म्हणून ते आजही लोकांच्या लक्षात आहे. एका पक्षाची बाजू त्यात नव्हती, हेही खरं.

पण नुसता जाहिरातीवर राग धरून भागत नाही. महिन्याचा किराणा भरताना आपण शेवटी भाव बघतोच, आणि मुलंही सेल लागला की तत्त्वं थोडी बाजूला ठेवतात. त्यात लाजायचं काही नाही. फक्त चार गोड वाक्यांना भुलून जास्तीचे पैसे मोजू नयेत, एवढंच.

हे बोलता बोलता आमच्याच गटातल्या एकीने मसाल्याचं नवं पाकीट पुढे केलं. त्यावर छापायचं होतं, 'स्त्रीशक्तीचा सन्मान'. तेवढ्यात मिरच्या कांडणारी मावशी हळूच म्हणाली, "ताई, माझी दोन महिन्यांची मजुरी राहिलीय."

पाकिटाची छपाई थांबवलीय. आधी मावशींचा हिशेब होईल.