चालतंय हो!

मराठी भाषेतला सगळ्यांत धोक्याचा शब्दप्रयोग कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ताबडतोब सांगेन, 'चालतंय हो!' त्यापेक्षा शिवी परवडली. शिवीनं निदान घराला आग लागत नाही.

आमच्या गीझरचा थर्मोस्टॅट गेला. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. वायरमननं पिशवीतून दुसरा काढला आणि पाच मिनिटांत बसवायला घेतला. जे दिसेल ते चष्मा लावून वाचायची मला खोड. थर्मोस्टॅटवर होतं '10 अँपिअर', गीझरवर '3000 वॅट'. वॅटला व्होल्टनं भागायचं, हे शाळेतलं गणित अचानक आठवलं. 3000 भागिले 230, म्हणजे 13!

"अहो, हा दहाचा आहे. गीझर तेरा घेतो."

"चालतंय हो काका! पाणी तापल्याशी मतलब."

मी गप्प बसलो. हिची अंघोळ खोळंबली होती.

आपल्याकडे आकडा म्हणजे नुसती सूचना. लिफ्टमध्ये '4 माणसं' लिहिलेलं असतं, आणि सहावा गृहस्थ पोट आत ओढून शिरतो. पण विजेला पोट आत ओढता येत नाही. करंट 1.3 पट झाला की उष्णता वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ 1.7 पट. शिवाय दर वेळी वीज तोडताना ठिणगी पडते ती वेगळीच.

पाणी दोन महिने तापलं. मग एके सकाळी ते तापायचं थांबेचना! शेवटी कटआउट उडाला म्हणून निभावलं. उघडून पाहिलं, तर थर्मोस्टॅटची दोन्ही टोकं वितळून एकमेकांना घट्ट चिकटलेली. आता ती वीज तोडणार कशी?

यावर वायरमनचा उपाय ऐका. "कटआउटच काढून टाकतो काका, परत उडायची कटकट नको!"

म्हणजे घरात जो 'नाही' म्हणेल त्याला आधी हाकला! 16 अँपिअरचा एमसीबी पडतो? 32चा बसवा. भिंतीतली वायर तीच, बारीक. पूर्वी एमसीबी पडायचा, आता वायर जळेल. सेफ्टी व्हॉल्व ठिबकतो? बूच मारा. मग न्हाणीघरात गीझर उरत नाही, डोक्यावर बॉम्ब टांगलेला असतो आणि त्याखाली आपण साबण शोधत असतो.

दोष एकट्या वायरमनचा नाही. 'थोडक्यात भागवा' असं त्याला सांगतो कोण? आपणच! 16 अँपिअरचा थर्मोस्टॅट मी स्वतः दुकानातून आणला. दहाच्या आणि सोळाच्या किमतीत फरक होता दोन प्लेट मिसळीचा. तेवढ्यासाठी आम्ही दोन महिने जीव टांगून अंघोळी केल्या.

कटआउट जागच्या जागी ठेवायला लावून मी सगळं बसवून घेतलं.

"चारशे झाले काका."

मी तीनशे हातावर ठेवले आणि गोड हसून म्हणालो, "चालतंय हो!"

"छे छे, असं कसं चालेल?" तो कळवळून म्हणाला. "चारशे म्हणजे चारशे!"

उरलेले शंभर मी आनंदानं दिले. आकड्याला किंमत असते, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायला ते काही जास्त नव्हते.