वाड्याची खिडकी : मुद्दल मोडू नये

नाशिकच्या सराफ बाजाराजवळील पेशवेकालीन सरकारवाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याच गोदाकाठच्या जुन्या वस्तीतील खासगी वाड्यांच्या सागवानी खिडक्यांना मात्र असे संरक्षण नाही. त्या उतरविण्याचा आरंभ बहुधा न्हाणीघरापासून होतो. कारण ‘पाण्याने लाकूड कुजते’ ही समजूत.

वस्तुतः सागाच्या अंगी नैसर्गिक तेल असते. तो भिजल्याने सहसा कुजत नाही. भिजून वाळत नाही तेव्हा कुजतो. म्हणून शॉवर खिडकीपासून दूर घ्यावा, खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, चौकट व भिंत यांमधील फट बुजवावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा न घासता ओला करून खरवडावा. लाकूड पुरते वाळल्यावर जवसाचे तेल पाजावे. कुजला असेल तेवढाच भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सुताराकडून सांधून घ्यावा.

अॅल्युमिनियमची दोन भागांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते; जुनी दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. वारा खेळला की जमीन लवकर वाळते, शेवाळ धरत नाही. जयणा पाळणाऱ्या घरात ही गोष्ट लहान नव्हे.

उतरविलेला साग जुन्या लाकडाच्या भावाने एकदाच विकला जातो. वाड्याची ती खिडकी पुन्हा मिळत नाही. तेव्हा मुद्दल मोडण्यापूर्वी दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडून पाहावा, हेच व्यापारी शहाणपण होय.